तीन बोटांचे अंतर

माणसांचे उघडे तोंड धर्मगुरूला जितक्या जवळून दिसते, तितक्या जवळून ते दंतवैद्याखेरीज क्वचितच दुसऱ्या कोणाला दिसत असेल. पवित्र कम्युनियन देताना भाविक एकामागून एक समोर येतात, ‘आमेन’ म्हणतात, तोंड उघडतात, आणि क्षणभर त्यांची जीभ, दात, हिरड्या, सारे काही माझ्या डोळ्यांपुढे असते. धर्मगुरू झाल्यापासून अशी हजारो तोंडे मी पाहिली. लहान मुलांचे पडू घातलेले दुधाचे दात पाहिले, आजीबाईंच्या मिश्रीने काळवंडलेल्या हिरड्या पाहिल्या, तंबाखूने तपकिरी झालेली जीभ पाहिली. परंतु पाहिली असे म्हणताना माझे मन आज अडखळते. त्या घटकेला आपण माणसाचे तोंड न्याहाळायचे नसते, नजर नम्र ठेवायची असते, असे मला वाटत आले. आणि ते योग्यच होते. चूक एवढीच झाली, की मिस्सा संपल्यावरही मी कोणाला कधी विचारले नाही. या लेखात सांगतो ती हकिकत त्या न विचारण्याचीच आहे. ज्याची ती हकिकत आहे त्याच्या संमतीने, त्याचे नाव न घेता सांगतो.

बीडहून सोलापूरच्या वाटेने निघाले की वीसएक किलोमीटरवर, बालाघाटच्या माथ्यावर, मांजरसुंबा लागते. इथे चार वाटा एकत्र येतात. एक बीडकडून येते, एक चौसाळ्यावरून धाराशिव-सोलापूरकडे जाते, एक पाटोद्याकडे आणि एक केज-अंबाजोगाईकडे. जवळच्या दरीत मन्मथस्वामींचे कपिलधार आहे. कार्तिकी पौर्णिमेला तिकडे वीरशैव भाविकांची रीघ लागते. शरद ऋतूत डोंगरातली सीताफळे पाट्या भरभरून रस्त्याच्या कडेला विकायला येतात. आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कामगारांनी भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर याच चौकातून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे उतरू लागतात. चौक म्हटला की चहाची हॉटेले, पंक्चरची दुकाने आणि पानटपऱ्या आल्याच. या परिसरात आमची हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच कुटुंबे आहेत. महिन्यातून एकदा त्यांच्यापैकी कोणाच्या तरी अंगणात मी मिस्सा अर्पण करतो.

त्यातल्याच एका घरातला हा तरुण. चौकातल्या एका पंक्चरच्या दुकानात कामाला. वय तेव्हा चोवीस-पंचवीस. हसतमुख, कष्टाळू, अंगणात सतरंज्या अंथरण्यापासून भांडी उचलण्यापर्यंत सगळ्यात पुढे. २०१९ सालच्या एका मिस्सेत त्याला पवित्र भाकर देताना मला ती किंचित आडवी धरून आत सरकवावी लागली. त्याचे तोंड नीट उघडले नव्हते, जीभही पुढे आली नव्हती. लाजत असेल, असे समजून मी पुढच्या भाविकाकडे वळलो. नंतरच्या दोन-तीन महिन्यांतही तसेच घडले. मग २०२० मध्ये करोना आला, मिस्सा थांबल्या. आणि पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पवित्र भाकर जिभेवर न देता हातावर देण्याची पद्धत आली. पुढे निर्बंध सैल झाले. वडीलधारी मंडळी पुन्हा जिभेवर घेऊ लागली, पण हा मात्र हातच पुढे करीत राहिला. नवी पद्धत तरुणांना आवडली, असा मी त्याचा अर्थ लावला. तोंड उघडता येत नाही म्हणून तो हात पुढे करीत होता, हे माझ्या गावीही नव्हते.

ते कळले २०२२ साली. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी शिकून दंतवैद्य झाली आहे. एका रविवारी ती माझ्याबरोबर मांजरसुंब्याला आली. मिस्सा झाल्यावर अंगणात खुर्ची मांडून, बॅटरीच्या उजेडात ती सगळ्यांची तोंडे तपासणार होती. कोणी पुढे येईना. तेव्हा ती म्हणाली, “फादर, आधी तुम्हीच बसा.” मी बसलो. माझ्या तोंडात तिला जे दिसले ते पुढे सांगणारच आहे. माझ्यानंतर बायका आल्या, मुले आली. हा तरुण भिंतीला टेकून उभा होता. आईने दंडाला धरून त्याला आणले आणि म्हणाली, “लेकराचं तोंडच उघडत नाही ओ, बाई. भाकर दुधात चुरून खातंय. तिखट तर जिभेला लावू देत नाही.”

डॉक्टर मुलीने त्याला एक साधी गोष्ट करायला सांगितली: आपल्याच हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशी तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घाल. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे मावतात. त्याचे एक बोट आत गेले, दुसरे दातांवर अडले. अंगणात एकदम शांतता झाली. मग तिथल्या प्रत्येकाने नकळत आपापली तीन बोटे तोंडाकडे नेली. मीही नेली.

या विकारात तोंडाच्या आतल्या मऊ अस्तराखाली राठ तंतू साठत जातात आणि गालाची लवचीकता नाहीशी होते. गाल आतून पांढुरके, ताठ पट्ट्यांसारखे लागतात. सुरुवातीला तिखट खाल्ले की आग होते. मग तोंड हळूहळू आवळत जाते, जीभ बाहेर येईनाशी होते. याचे मुख्य कारण सुपारी. आपण तंबाखूला दोष देतो आणि सुपारीला मानाच्या पानात ठेवतो. परंतु तंबाखू नसलेला पानमसालाही हे दुखणे आणतो, कारण त्यात सुपारी असतेच. सुपारीत तंबाखू मिसळली की गुटखा होतो आणि धोका दुणावतो. अशा आवळलेल्या तोंडात पुढे कर्करोग उद्भवण्याची भीती असते. म्हणून त्यावर आयुष्यभर नजर ठेवावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण या तरुणाला पुडी मागायला कधी चौक ओलांडावा लागला नव्हता. रात्री-अपरात्री येणाऱ्या ट्रकची चाके उतरवताना झोप येऊ नये म्हणून त्याने ती सुरू केली होती. दिवसाला किती, असे विचारल्यावर त्याने मान खाली घातली. आई म्हणाली, “मोजत्यात व्हय, फादर?”

त्या संध्याकाळी परतताना घाट उतरेपर्यंत मी गाडीत काही बोललो नाही. मला माझी आजी आठवत होती.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात आजीचा दिवस मिश्रीने उजाडे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, ती हाताने चुरून पत्र्याच्या डबीत भरायची, आणि चुलीपुढे बसून तर्जनीने दातांवर घासत राहायचे. त्या भाजण्याचा उग्र वास आजही नाकात आहे. “दात घासल्याशिवाय देवाचं नाव घेऊ नये,” असे ती म्हणे, आणि तिच्या दृष्टीने ते दात घासणेच होते. तंबाखूने हिरडी थोडी बधिर होते, दुखणे तेवढ्यापुरते थांबते, भूकही मरते. त्यामुळे ही सवय म्हणजे औषधच, असा समज घरोघरी झाला. मग सकाळचे एकदाचे घासणे दुपारी होते, रात्रीही होते. टूथपेस्ट आणि दंतमंजन यांत तंबाखू वापरण्यास भारत सरकारने १९९२ साली मनाई केली. पण घरच्या तव्यावर कोणता कायदा चालणार? आजीच्या खालच्या ओठाच्या आत, जिथे मिश्री साचायची तिथेच, एक जखम झाली. हळद-तूप लावून पाहिले. जखम दुखत नव्हती, म्हणून कोणी घाई केली नाही. दुखू लागली तेव्हा गाठ गळ्यात उतरली होती. मी तेव्हा सेमिनरीत होतो. सुट्टीत घरी आलो तर आजी प्रार्थनेला ओठ हलवी, शब्द उमटत नसत.

हे सारे पाहिलेला माणूस तरी शहाणा झाला असेल, असे वाचकांना वाटेल. मी तंबाखूविरुद्ध पुष्कळ प्रवचने केली. मी स्वतः कधी तंबाखू खाल्ली नाही, आणि त्या एका पुण्याच्या जोरावर माझे तोंड निरोगी आहे असे धरून चाललो. दात घासताना रक्त येई. ब्रश कडक असेल म्हणून मी ब्रश बदलला. तोंडाला दुर्गंधी येते हे कोणी फादरला सांगत नाही. दोन दाढा हलू लागल्या, त्या काढून टाकल्या आणि त्या बाजूने चावणे सोडले. पुढे मधुमेह निघाला. गोळ्या वाढत गेल्या, साखर काही हटेना. त्या अंगणातल्या खुर्चीवर बसलो तेव्हा डॉक्टर मुलगी हळूच म्हणाली, “फादर, तुमच्या हिरड्यांखालचं हाड झिजलंय. हे एका दिवसाचं नाही, दहा-पंधरा वर्षांचं आहे.”

तिने मग जे समजावून सांगितले ते इतके सोपे होते, की सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे जाडजूड ग्रंथ वाचलेल्या मला ते पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नसावे याची लाज वाटली. दात घासल्यावर काही तासांतच त्यांवर जंतूंचा एक चिकट थर पुन्हा बसू लागतो. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहून गेला तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि काही दिवसांत त्याचे दगडासारखे कीटण होते. एकदा कीटण झाले की ते कोणत्याही ब्रशने, मंजनाने, मीठ-तेलाने निघत नाही. ते दंतवैद्यानेच काढावे लागते. त्याच्या आधाराने जंतू हिरडीखाली शिरतात. हिरडी सुजते, लाल होते, तिच्यातून रक्त येते. इथवर आलेला माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. इथे थांबले नाही तर दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. झिजलेले हाड सहसा परत येत नाही. आणखी झिजू न देणे एवढेच मग आपल्या हाती उरते. याच दुखण्याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात. हिरड्यांची ही सूज शरीरातली साखर वाढवते आणि वाढलेली साखर हिरड्यांची सूज वाढवते. माझ्या गोळ्या का वाढत होत्या, त्याचे निदान काही अंशी माझ्या तोंडातच होते.

दात साफ करून घेतले की ते ढिले होतात, असे आपल्या समाजात सर्रास ऐकू येते. मीही तेच म्हणत होतो. खरी गोष्ट उलटी आहे. दात आधीच ढिले झालेले असतात. पडक्या भिंतीला चिखलाने लिंपून ठेवावे तसे ते कीटणाने धरून ठेवलेले असतात. चिखल धुतला की भिंतीची खरी अवस्था दिसते. तसेच वरचा दात काढला की डोळ्यांची नजर जाते, हीदेखील निराधार भीती आहे. तिच्यापायी माणसे तोंडात पू घेऊन वर्षानुवर्षे हिंडतात. माझी सफाई तीन खेपांत झाली. रक्त थांबले, दुर्गंधी गेली. गेलेल्या दाढा अर्थातच परत आल्या नाहीत.

दातदुखीच्या वेळी आपण ख्रिस्ती लोक संत अपोलोनिया हिचा धावा करतो. इ. स. २४९ मध्ये अलेक्झांड्रिया नगरीत उसळलेल्या दंगलीत या वृद्ध व्रतस्थ स्त्रीला पकडून, जबड्यावर प्रहार करून तिचे दात पाडण्यात आले. श्रद्धा नाकार, नाहीतर जिवंत जाळू, अशी धमकी मिळताच तिने स्वतःच अग्नीत उडी घेतली. त्या नगरीचे बिशप डायोनिसियस यांनी आपल्या पत्रात हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. ९ फेब्रुवारी हा तिचा सणदिवस. मी दरवर्षी तो पाळतो. पण एक गोष्ट ध्यानात आली, की आपण तिला हाक मारतो ती दुखू लागल्यावर. आणि तोंडातली मोठी दुखणी तर न दुखता येतात. हिरडी न दुखता सुटते, आजीची जखम न दुखता पसरते, गाल न दुखता आवळतो. म्हणून दुखण्याची वाट न पाहता कोणीतरी पाहायला हवे.

नुसत्या पाहण्याने काय साधणार, असा प्रश्न मलाही पडला होता. डॉक्टर मुलीने मला केरळातल्या एका प्रयोगाविषयी सांगितले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या तेरा पंचायतींत १९९६ पासून काही वर्षे हा प्रयोग चालला. त्यातल्या काही पंचायतींत प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर गेले आणि पस्तिशीपुढच्या माणसांची तोंडे उजेडात नीट पाहिली; पांढरा डाग, लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली की माणसाला डॉक्टरांकडे धाडले. महागडे यंत्र कोणतेही नव्हते. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत, तोंडे तपासलेल्या पंचायतींत मुखकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी भरले. आपल्या शेजारच्या बार्शीतही, जिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, कार्यकर्ते गावोगाव फिरून माणसांना भेटत आले आहेत. म्हणजे ज्या गोष्टीने जीव वाचतो ती गोष्ट, उघड्या तोंडात पाहणे, मी दर रविवारी करीत होतो; फक्त पाहत नव्हतो.

उपदेश करणे सोपे असते, हेही मला मान्य केले पाहिजे. आमच्या भागातल्या ऊसतोड करणाऱ्या बाईला दंतवैद्याकडे जा म्हणून सांगितले तर ती माझ्याकडे नुसती पाहते. पहाटे तीनला उठून स्वयंपाक करायचा, दिवसभर फडात मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी भरायची. एक दिवस खाडा झाला तर दंड भरायचा, तो उचलीतून वळता होतो. तिच्यासाठी मिश्री हीच भूक मारण्याची आणि दात बधिर करण्याची दवा असते. म्हणून आता दिवाळीआधी, गाड्या भरून माणसे फडावर जाण्यापूर्वी, आणि उन्हाळ्यात ती परत आल्यावर, असे वर्षातून दोनदा आम्ही अंगणात खुर्ची मांडतो. किडलेली दाढ, सुजलेली हिरडी जाण्याआधीच हाती लागली तर निदान परमुलखात ती बाजारातल्या दात उपटणाऱ्यापुढे बसत नाही. ज्याला पुढे पाठवायचे त्याला बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवतो. १९८२ साली, शहराचे नाव औरंगाबाद होते तेव्हा, सुरू झालेले हे महाविद्यालय मराठवाड्यातल्या गरिबाचा मोठा आधार आहे. इथून ते दीडेकशे किलोमीटर पडते. म्हणून पहिल्या खेपेला आम्हांपैकी कोणीतरी सोबत जातो. एकदा वाट माहीत झाली की माणूस पुढे आपला आपण जातो.

घरी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. मऊ ब्रशने, फ्लोराइड असलेल्या पेस्टने, दोन वेळा, दोन-दोन मिनिटे दात घासावेत. हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे ब्रश तिरपा धरून हळुवार फिरवावा. रात्रीचे घासणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. राख, कोळसा, विटेची पूड यांनी दात पांढरे दिसतात पण त्यांचे वरचे कवच झिजते. मुलांना दिवसभर थोडे थोडे गोड देण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच द्यावे. प्रत्येक गोड घासानंतर दातांवर अर्धा तासभर आम्लाचा मारा होत असतो. रक्त येणे, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, आणि तीन बोटांचे कमी होणारे अंतर, यांपैकी काहीही दिसले तर दुखण्याची वाट न पाहता दाखवावे. काही नसले तरी वर्षातून एकदा दाखवावे. मधुमेह्याने सहा महिन्यांनी. मी आता तसाच जातो.

तो तरुण सुपारी सोडायला एकदम तयार झाला नाही. दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. तिसऱ्यांदा सोडली ती सुटली. गालात इंजेक्शने घेतली. गेलेली लवचीकता पूर्ण परत येणार नाही, हे त्याला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. रोज सकाळ-संध्याकाळ आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची, असा व्यायाम त्याला दिला आहे. सुरुवात दहा काड्यांपासून झाली. पंक्चरच्या दुकानात हवेच्या यंत्राजवळ त्याने त्या रबरात गुंडाळून ठेवल्या आहेत.

परवाच्या मिस्सेत तो नेहमीप्रमाणे हात पुढे करून उभा राहिला. मी त्याच्या हातावर पवित्र भाकर ठेवली. मिस्सा संपल्यावर सतरंज्या गुंडाळता गुंडाळता तो जवळ आला आणि म्हणाला, “फादर, चौदा झाल्या.” मी बॅटरी काढली. आम्ही दोघे अंगणाच्या कडेला लिंबाखाली उभे राहिलो, आणि त्याने उघडता येईल तितके तोंड उघडले.